खांद्यावरचा पंचा

भिंगारला तेव्हा मद्रासी माणूस दोनच प्रकारचा मानला जाई. एक अय्यर, म्हणजे ब्राह्मण, नाहीतर इडलीवाला. आम्ही दोन्ही नव्हतो, तरी सगळा मोहल्ला मला अय्यरबाईच म्हणायचा, आणि सांगून सांगून दमल्यावर मीही तो नाद सोडला. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून तंजावरकडून नगरला आले, ते परत राहायला गेलेच नाहीत. मी भिंगारमध्ये जन्मले, मराठी शाळेत शिकले आणि मराठी शाळेतच चौथीच्या पोरांना गणित शिकवून पोट भरलं. तमिळ मला वडिलांनी शिकवली. रोज संध्याकाळी, छडी मांडीवर ठेवून.

ते गेल्यावर त्यांचा तमिळ वर्ग माझ्या गळ्यात पडला. वर्ग म्हणजे मारियम्मनच्या देवळाची पडवी. लष्कराच्या मेसमधले कुक, एमआयडीसीतले फिटर, गॅरेजवाले, अशांची पोरं शाळा सुटल्यावर यायची. पडवीत सीना नदीची चाळलेली वाळू पसरलेली असे. त्या वाळूत बोटाने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, तळव्याने पुसायचं, पुन्हा काढायचं. माझ्या आजोबांच्या गावात अशीच शाळा भरायची, म्हणून वडिलांनी तशी भरवली आणि म्हणून मीही. अ, अम्मा. आ, आडु, म्हणजे बकरी. इ, इलै, म्हणजे पान. पलीकडच्या रस्त्याने जाणारी पोरं आम्हाला वेडावून 'आडु आडु' ओरडायची, आणि माझीच पोरं वाळूतून उठून त्यांना अस्सल भिंगारी मराठीत शिव्या घालून परत येऊन बसायची.

माझा नियम एकच होता. पायरी चढली की मराठी बंद आणि घरातली तमिळही बंद. हे दुसरं जरा समजावून सांगायला हवं. आमची बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. मराठीतही असा फरक असतो, पण तुमच्याकडे तो ओढा आहे, आमच्याकडे नदी. लिहायची ती भाषा रेडिओवरच्या बातम्यांत असते, सभेतल्या व्यासपीठावर असते, कोर्टात आणि साहेबाच्या तोंडी असते. चुलीपाशी ती कुणी बोलत नाही. मी मात्र पडवीत तीच बोलायला लावायचे, कारण वडिलांनी माझ्याकडून तीच घोटून घेतली होती आणि मला ती फार आवडायची. अजूनही आवडते. ज्याला पटत नसेल त्याने आपल्या पोरांना हवं ते शिकवावं.

पूंगोडी माझ्या दोन्ही वर्गांत होती. सकाळी शाळेत चौथीत, संध्याकाळी पडवीत. शाळेतली पोरं तिला पुंगी म्हणायची आणि तीही 'पुंगी' म्हटल्यावरच ओ द्यायची. तिचा बाप मुरुगेसन मेसमध्ये कुक होता. चौऱ्याण्णवच्या सुरुवातीला कावीळ झाली आणि आठवडाभरात गेला. तिची आई चेल्लम्मा कँटोन्मेंटच्या वेशीपाशी इडलीची गाडी लावायला लागली. गाडीवर ती वाघीण होती. उधारी मागणाऱ्या जवानाला ती पळीने हुसकावताना मी पाहिलंय. पण सासऱ्याचं नाव निघालं की ती पळी खाली ठेवून पदर सावरायची.

सासरा तमिळनाडूत, दिंडिगलजवळच्या खेड्यात होता. करुप्पण्णन त्याचं नाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस. त्याचा निरोप घेऊन पळनी आला. पळनी नामक्कलच्या लॉरीवर ड्रायव्हर. नगर-मनमाड रस्त्याने जाता-येता चेल्लम्माच्या गाडीवर इडली खायला थांबायचा, आणि दोन्हीकडचे निरोप त्याच्याच तोंडून पोचायचे. दिवाळी नुकतीच झाली होती. पळनीने इडली संपवली, हात धुतला आणि म्हाताऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मुलगा गेला, मागे नात तेवढी एक. ती घरातही मराठीच बोलते असं कानावर आलंय. पोंगलनंतर वर्षश्राद्धाला मी येतो. पोरगी माझ्याशी आपल्या भाषेत बोलली तर आईजवळ राहू दे. नाही बोलली, तर परक्या मुलखात ती परकी झाली असं समजून मी तिला घेऊन जाईन.

चेल्लम्मा त्याच संध्याकाळी पडवीत आली. एरवी ती वाळूत पाय पडेल म्हणून खालच्या पायरीवरच उभी राहायची. त्या दिवशी सरळ आत आली. मी तिला विचारलं, सासऱ्याला नाही म्हणता येणार नाही का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. मुलाचं मूल बापाच्या घरचं, असं देवळातली सगळी मंडळी म्हणणार होती, आणि तीही मनातून तसंच मानत होती. तिला भांडायचं नव्हतं, तिला परीक्षा जिंकायची होती.

"टीचर," ती म्हणाली, "अशी तमिळ शिकवा की त्यांना बोट ठेवायला जागा राहू नये. माझी नको. तुमची शिकवा."

पूंगोडीला तमिळ येत नव्हती असं नाही. आई दिवसभर तिच्याशी तमिळच बोलायची. ऊठ, बस, खा, मर. पोरीला सगळं कळायचं आणि ती सगळ्याला मराठीत उत्तर द्यायची. भिंगारमधलं आमचं एकूणएक पोर असंच होतं. पण चेल्लम्माची तमिळ म्हणजे शेतातली, बांधावरची, अर्धे शब्द गिळलेली. ती शिकवायची असते असं तिलाही वाटलं नाही आणि मलाही नाही.

मी एक स्वागताचं भाषण बसवलं. आता त्याची चव मराठीत द्यायची तर ती अशी: 'वंदनीय पितामह, आपले आगमन आम्हांस अत्यंत आनंददायी आहे. आपल्या पावन चरणांनी हे निवासस्थान पुनीत झाले.' पुढे वडिलांच्या स्मृतीबद्दल चार वाक्यं, मातृभाषेबद्दल चार, शेवटी आशीर्वादाची याचना. शिवाय आजोबा अचानक काही विचारतील म्हणून प्रश्नोत्तरं वेगळी. इतर पोरं बकरी आणि पान गिरवत असताना मी पूंगोडीला खांबापाशी उभी करून घोटून घ्यायचे. पोरगी हुशार होती. पण एखादा शब्द अडला की तिची मान लगेच पायरीकडे वळायची, कारण गाडी आवरून चेल्लम्मा तिथे येऊन उभी राहिलेली असे. तिच्या ओठांवर काहीच नसे. तिला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. ती फक्त पोरगी अडतेय का, एवढंच बघायची.

जसजशी संक्रांत, म्हणजे आमचा पोंगल, जवळ आली तसतशी त्या घराची दशा बघवेना. चेल्लम्माचं पीठ नीट फुगेना, इडल्या दगड व्हायला लागल्या. जवान कुरकुर करायला लागले. पूंगोडीने शाळेत बेरीज चुकवायला सुरुवात केली, जी तिची कधी चुकत नसे. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली, मराठी शाळा होती म्हणून तिने मराठीत विचारलं, "टीचर, मी एकच शब्द चुकले तरी नेणार का?"

मी म्हटलं, चुकणार नाहीस. दुसरं काय सांगणार होते? रात्री मी अंथरुणात ते भाषण म्हणत पडायचे, जणू मलाच कुणी उचलून नेणार होतं.

त्या मायलेकींच्या शेजारच्या खोलीत रतनबाई राहायची. शेवगावकडची, बौद्ध समाजातली, एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी. चेल्लम्मा गाडीवर असताना पोरीला तीच सांभाळायची, तिच्या वेण्या घालायची, तिला भाकरी थापायला शिकवायची. तिला तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण भिंतीपलीकडून रोज तेच भाषण ऐकून ऐकून ती वैतागली होती. एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाली, "बाई, पोरगी झोपेतबी त्येच बरळती. आजा येनार हाय का कलेक्टर?" मी तिला उडवून लावलं. रतनबाईचा स्वभाव असा की मनात आलं ते बोलणार, आणि मला अशी माणसं झेपत नाहीत, कारण मीही त्यातलीच.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पूंगोडीला ताप भरला. चेल्लम्माने तिच्या कपाळावर विभूती लावली, रतनबाईने गोळी आणून दिली. सकाळी ताप उतरला आणि पळनीच्या लॉरीतून म्हातारा उतरला.

मी कल्पनेत कुणी आडदांड, मिशीवाला माणूस पाहिला होता. हा सडपातळ, काळाभोर, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांना भेगा. डाव्या खांद्यावर नवा कोरा पांढरा पंचा. बहुधा याच प्रवासासाठी घेतलेला असावा, घडी अजून मोडली नव्हती. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर असा पंचा असतो. घाम पुसायला, बसायला अंथरायला, आणि मुख्य म्हणजे पुरुष आहे हे दाखवायला. मुलाच्या खोलीत तो चटईवर ताठ बसला. सुनेकडे बघून मान हलवली. नातीकडे नुसतं बघितलं, तिला जवळ बोलावलं नाही. मी बायकांच्या बाजूला, दाराआड बसले होते. शेजारीण समजून त्याने माझ्याकडे लक्षही दिलं नाही.

विधी झाले. भाताचा पिंड बाहेर ठेवला तर बराच वेळ कावळा शिवेना. चेल्लम्मा पदर तोंडात धरून उभी होती. शेवटी एक आला, चोच मारून गेला, तेव्हा कुठे पानं वाढली. म्हातारा मुकाट्याने जेवला. हात धुऊन परत चटईवर बसला, पंचा खांद्यावर नीट केला आणि पोरीला म्हणाला, "ये, पोरी. बोल बघू काहीतरी."

पूंगोडी उठली. मी शिकवलं होतं तशी दोन्ही हात सरळ ठेवून, मान वर करून उभी राहिली. चेल्लम्माने अंधारात चाचपडल्यासारखा माझा हात शोधला आणि धरला. पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर छडी खाली ठेवली असती. मी दाराआडून तिच्याबरोबर ओठ हलवत होते आणि खरं सांगते, मला अभिमानाने भरून आलं होतं.

मग मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. पहिल्या वाक्याला त्याच्या तोंडावर हसू होतं. दुसऱ्याला ते नव्हतं. तिसऱ्याला तो गोंधळून पळनीकडे बघायला लागला. आणि चौथ्या वाक्याच्या मध्यात तो उठून उभा राहिला. उठता उठता त्याच्या हाताने खांद्यावरचा पंचा ओढून काढला, गुंडाळला आणि काखेत धरला. पाठ वाकली. नजर पोरीच्या पायांवर गेली. त्याने ठरवून काही केलं नव्हतं. ती भाषा कानावर पडली की असं उभं राहायचं, हे त्याच्या अंगाला माहीत होतं.

मलाही माहीत होतं. तंजावरला आजोबांच्या ओसरीसमोर, उन्हात, मी लहानपणी सुट्टीत गेले असताना हेच पाहिलं होतं. शेतावर राबणारी माणसं यायची, पंचा खांद्यावरून उतरवून काखेत धरायची, वाकून उभी राहायची. खांद्यावर पंचा ठेवून आजोबांसमोर उभं राहिलेला माणूस मला आठवत नाही, कारण असा कुणी नव्हताच. आजोबा त्यांच्याशी बोलायचे तेव्हा असेच मोठाले शब्द वापरायचे.

पूंगोडीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं आजोबा मान देण्यासाठी उभे राहिले. तिने आवाज चढवला आणि उरलेलं भाषण जास्तच जोरात म्हटलं.

ते संपल्यावर म्हातारा तिला म्हणाला, "अम्मा, आपण बसा." नातीला 'अम्मा' आणि 'आपण'. मग सुनेकडे वळून, तसाच वाकलेला, म्हणाला की या तर मोठ्या झाल्या, आमच्या झोपडीत यांना मी कुठे बसवू, यांच्याशी काय बोलू? यांना नेत नाही. इथंच राहू दे.

चेल्लम्माने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो हातावर जाणवला. आम्ही जिंकलो होतो. ती डोळे पुसत होती. मी म्हाताऱ्याकडे बघायचं टाळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आता कुणी काही बोलू नये, त्याला लवकर लॉरीत बसवून द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात रतनबाई पाण्याची कळशी घेऊन आली. दारातच थबकली. म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, हा उभा का राहिलाय? मी हळूच म्हटलं, मान देतोय.

"ह्येला मान द्येनं म्हनत न्हाईत, बाई," ती म्हणाली. "माझा आजा पाटलाच्या दारात असाच उभा ऱ्हायाचा. पायतान काखंत मारून, मान खाली घालून." कळशी खाली ठेवून ती पूंगोडीला म्हणाली, "पुंगे, जा. आजाचं त्ये फडकं त्याच्या खांद्यावर टाक. आन खाली बसव त्याला. नातीपुढं कुनी उभं ऱ्हातंय व्हय?"

चेल्लम्माला एवढी मराठी कळत होती. तिने माझा हात दाबला आणि जोरजोरात मान हलवली. नको. तिचं म्हणणं मला लख्ख कळलं. तो वाकलेला असेपर्यंत पोरगी आमची होती. एकदा का तो आजोबा झाला की नात त्याची. मी पूंगोडीला थांबवायला तोंड उघडलं. पण ती माझ्या परवानगीसाठी थांबली नव्हती, आणि तेव्हा मला त्याचा रागच आला.

ती त्याच्याजवळ गेली. काखेतला पंचा तिने ओढून घेतला. खांद्यापर्यंत तिचा हात पुरेना, म्हणून तिने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली ओढलं.

"ताता, उक्कारु," ती म्हणाली. आजोबा, बस की. हे तिच्या आईचे शब्द होते, दिवसातून शंभरदा ऐकलेले, ताट वाढताना, वेणी घालताना. 'आपण' नाही, 'आसनस्थ व्हावे' नाही. बस की.

म्हातारा मटकन बसला. तिने त्याच्या खांद्यावर पंचा टाकला, वेडावाकडा. तो रडायला लागला आणि रडता रडताच त्याने तिला मांडीवर ओढलं. नाचणीची उकड खातेस का? खाते. बैलाला भितेस का? भीत नाही, पण इथे बैल कुठेय? अर्धं तमिळ, अर्धं मराठी, आणि म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. आईच्या तोंडची ती गिळलेल्या शब्दांची भाषा पोरीच्या तोंडून धबाधब येत होती. ती इतके दिवस होती कुठे, हा प्रश्न मला पडला आणि मी तो बाजूला सारला, कारण तेवढ्यात ज्याची भीती होती ते झालंच. म्हाताऱ्याने तोंड पुसलं आणि सांगितलं, "ही माझ्या मुलासारखीच बोलते. हिला मी घेऊन जाणार."

चेल्लम्माने माझा हात सोडला आणि ती होती तिथेच खाली बसली. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. रतनबाईला भाषा कळली नाही, पण चेल्लम्माकडे बघून ती चपापली. आपण काय करून बसलो हे तिला उमगेना.

म्हातारा रतनबाईकडे बघत होता. त्याने पळनीला विचारलं, ही बाई कोण, आणि पोरीला काय बोलली? पळनीला लॉरीपुरती हिंदी येत होती, मराठी नाही. चेल्लम्मा बोलण्याच्या पलीकडे गेली होती. राहिले मी. मनात आलं, काहीतरी गुळमुळीत सांगावं. पाहुण्याला उभं ठेवू नये असं म्हणाली, एवढं पुरलं असतं. पण दारात रतनबाई माझ्या तोंडाकडे टक लावून उभी होती. तिला शब्द कळले नसते, तरी मी खोटं बोलतेय हे कळलं असतं.

मी पुढे होऊन बोलायला लागले, आणि माझ्या तोंडून अर्थातच माझीच तमिळ निघाली. दुसरं वाक्य होईतो म्हाताऱ्याचा हात खांद्याकडे गेला. पूंगोडीने तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी थांबले. घसा खाकरला. मग चेल्लम्माच्या तमिळमध्ये सांगितलं. मला ती येत होती, मी फक्त बोलत नव्हते. सांगितलं की हिचा आजोबा गावच्या पाटलापुढे असाच उभा राहायचा, चपला काखेत धरून, म्हणून तिने पोरीला तुम्हाला बसवायला सांगितलं.

म्हाताऱ्याने खांद्याकडे नेलेला हात खाली घेतला. मग त्याने एकच गोष्ट विचारली, आणि मी ती मराठीत रतनबाईला विचारली. तुमच्यातले लोक अजून तसे उभे राहतात का?

"न्हाई," रतनबाई म्हणाली. "माझ्या बापानं छप्पन साली सोडलं. त्यासाठी गावात लई सोसलं त्यानं. पन सोडलं म्हंजी सोडलं. आता कुनापुढं न्हाई."

मी सांगितलं. तो ऐकताना पूंगोडीच्या केसांवरून हात फिरवत होता. रतनबाईने सकाळी घातलेल्या वेण्या होत्या त्या.

"मी अजून पंचा काढतो," तो म्हणाला. "परवा इकडं यायला सुट्टी मागायला गेलो, मालकाच्या दारात, तेव्हाही काढला. ही तिकडं आली तर पहिल्याच आठवड्यात हिला कुणीतरी शिकवील, कुठं थांबायचं, कुठं वाकायचं. तिला ते शिकवणारा मीच असेन." त्याने चेल्लम्माकडे पाहिलं. "सूनबाई, पोरगी इथंच राहू दे. माझ्याशी ती बोलली, माझं काम झालं."

चेल्लम्मा त्याच्या पायावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मी रतनबाईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने कळशीतलं पाणी तांब्यात ओतून म्हाताऱ्यापुढे ठेवलं. त्याने ते घटाघटा प्यायलं. मग माझ्याकडे वळून त्याने हसत सांगितलं की ती साहेबांची भाषा पोरीला शिकवत राहा, अम्मा, साहेब कुठेही भेटतात. फक्त माझ्यावर वापरायला लावू नका.

पडवीतला वर्ग पुढे तीन-चार वर्षं चालला. मी तीच तमिळ शिकवली, दुसरी कशी शिकवायची ते मला माहीत नव्हतं. मात्र पोरं घरची तमिळ घेऊन पायरी चढली तर त्यांना शिक्षा म्हणून उभं करणं मी बंद केलं, आणि वाळूत जरा जास्त गोंगाट व्हायला लागला. नंतर इंग्रजी शाळा आल्या, क्लासेस आले, पडवी ओस पडली, तो भाग वेगळा.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या म्हाताऱ्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेलो. लॉरी रस्त्याच्या कडेला उभी होती, पळनी चाकं ठोकून बघत होता. केबिनमध्ये लॉरीमालकाचा मेहुणा बसला होता, नामक्कलचाच, हातात सोन्याचं कडं. मनमाडहून बसने आला होता, याच लॉरीने गावी परतणार होता. येतानाच्या प्रवासात म्हातारा अशा माणसांच्या पायाशी, पंचा काखेत धरून बसून आला असणार, हे मला न सांगता कळलं. मेहुण्याने वरून हाक मारली, चल म्हाताऱ्या, किती वेळ. त्या आवाजासरशी म्हाताऱ्याचा हात खांद्याकडे गेला, मघासारखाच. पूंगोडी रतनबाईचा हात धरून माझ्या शेजारी उभी होती. तिने हाक मारली, "ताता!"

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. हात खांद्यावर पोचला होता. तो त्याने तिथेच ठेवला, पंच्यावर घट्ट दाबून, आणि दुसऱ्या हाताने केबिनची दांडी पकडली. लॉरीच्या पायऱ्या उंच होत्या. एका हाताने चढताना तो एकदा घसरला, गुडघा आपटला, पण दुसरा हात त्याने खांद्यावरून काढला नाही.